उंच गाडी आणि बेताचा माणूस

नोव्हेंबर उजाडला की वागातोरच्या माळावर बुलेटवाल्यांचा मेळा भरतो. पूर्वी त्याला 'रायडर मेनिया' म्हणायचे, २०२३ पासून 'मोटोव्हर्स' म्हणतात. नाव बदललं, आवाज तोच. याच मेळ्यात २४ नोव्हेंबर २०२३ रोजी रॉयल एनफिल्डने आपल्या नव्या 'हिमालयन ४५०'ची किंमत जाहीर केली, दोन लाख एकोणसत्तर हजारांपासून पुढे. गाडीचं नाव हिमालयन आणि तिची किंमत कळली ती आमच्या समुद्रकाठी!

तेव्हा मला याची नुसती गंमत वाटली होती. आता वाटतं, जागा बरोबरच निवडली. कारण 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणून विकल्या जाणाऱ्या या गाड्यांपैकी बहुतेकींचं आयुष्य काही खारदुंग ला चढण्यात जात नाही. (ज्यांचं जातं त्यांना माझा नमस्कार.) ते जातं घर ते ऑफिस, साखळी ते केरी, केरीहून चोर्ला घाट, आणि वर्षातून एकदा फार तर बेळगाव, कोल्हापूर. मग या गाडीची पारख करायची ती इथेच, आमच्या पावसात, आमच्या चढणीवर आणि आमच्या उंचीच्या माणसांना बसवून. माझी उंची पाच फूट चार इंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा लेख या चार इंचांवर उभा आहे.

लिहायला निमित्त असं झालं. सत्तरीत माझा मावसभाऊ आहे, कुळागरवाला. त्याच्याकडे २०१८ ची जुनी हिमालयन आहे, ४११ सीसीची. त्याला ती काढून नवी घ्यायची आहे, आणि जुनी मी घ्यावी असं त्याच्या मनात आहे. "दादा, तू नुसती चालवून तरी बघ," असं तो दोन महिने म्हणतोय. मी जुनी चालवली, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची नवीही एका रविवारी मागून घेऊन चोर्ल्यापर्यंत नेऊन आणली. त्यातून जे मत झालं ते लिहितो. पटलं नाही तर भांडायला या, चहा आहे.

आधी थोडी वंशावळ. ही जात मुळात सुरू झाली १९८० साली, बीएमडब्ल्यूच्या 'आर ८० जी/एस' या गाडीपासून. 'जी' म्हणजे गेलेंड, उघडी ओबडधोबड जमीन. 'एस' म्हणजे श्ट्रासे, रस्ता. ७९७ सीसीचं जोड सिलिंडरचं इंजिन आणि पुढे एकवीस इंची चाक. रस्त्यावर लांब जायचं आणि रस्ता संपला तरी थांबायचं नाही, हा त्यामागचा विचार. पुढच्याच वर्षी ह्यूबेर ओरियोल या फ्रेंच स्वाराने त्याच जातीच्या गाडीवर पॅरिस-डाकार जिंकली आणि दुकानात रांगा लागायला निमित्त मिळालं. मग १९८३ मध्ये यामाहाची टेनेरे आली, १९८७ मध्ये होंडाची ट्रान्सअल्प. नावं बघा: टेनेरे हा सहाराचा तुकडा, ट्रान्सअल्प म्हणजे आल्प्स ओलांडणारी. नावं वाळवंटांची नि डोंगरांची, गिऱ्हाईक शहरातलं. आपल्या हिमालयनचं नामकरण याच परंपरेतलं.

ती २०१६ साली आली तेव्हा बुलेटच्या भक्तांनी नाकं मुरडली होती. बुलेटसारखी दिसत नाही, टाकी चकाकत नाही, मडगार्ड चोचीसारखं, पुढे टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी नळ्यांचे रॅक. ते रॅक पेट्रोलचे जादा कॅन बांधायला दिलेले. आमचा मावसभाऊ त्यांना केळ्यांचे घड बांधतो. एकदा एका बाजूला घड आणि दुसऱ्या बाजूला खताची पिशवी असा तोल साधून तो डोंगरातल्या कुळागरातून साखळीच्या बाजाराला आलेला मी पाहिला आहे. ज्याने हे रॅक काढले त्याने केळ्यांचा विचार केला नसणार, पण 'माणसाला काहीतरी बांधून न्यायचं असतं' एवढा विचार नक्की केला होता. चांगली रचना म्हणजे माझ्या मते हेच. रॅक कॅनसाठी काढला की घडासाठी, हा प्रश्न दुय्यम.

आता त्या चार इंचांकडे येतो.

तीनेक वर्षांपूर्वी मी एका मित्राची अशीच एक उंच गाडी घेऊन दिवाडीला गेलो होतो. कंपनी कुठली ते सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता, माझ्या पायांचा होता. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट लागली, फळी खाली आली, आणि सवयीप्रमाणे सगळे दुचाकीवाले एकदम सुटले. उतार ओला, कडेला शेवाळ. माझ्या पुढच्या स्कूटरवालीने मधेच ब्रेक मारला. मीही मारला. डावा पाय खाली टेकायला गेलो, तर खाली जमीनच नाही! जमीन होती, पण माझ्या बोटांपासून दोन बोटं लांब. गाडी सावकाश, अगदी सावकाश, म्हैस बसावी तशी डाव्या अंगावर बसली, आणि तिच्याबरोबर मी. वेग शून्य. लागलं काही नाही, पण फेरीवरच्या चाळीस माणसांनी पाहिलं. चौघांनी मिळून गाडी उभी केली. त्यातले एक आजोबा म्हणाले, "बाब, ल्हान गाडी घेवपाची न्ही?"

त्या दिवसापासून मी कुठल्याही गाडीच्या माहितीपत्रकात आधी घोड्यांची ताकद बघत नाही, सीटची उंची बघतो. जुन्या हिमालयनची ८०० मिलिमीटर. नव्या ४५० ची ८२५, ती ८४५ पर्यंत वर करता येते. शिवाय ८०५ मिलिमीटरची ठेंगणी सीट वेगळी मिळते, जादा पैसे मोजून. म्हणजे कंपनीला आम्ही आठवलो, पण सुट्या भागांच्या यादीत!

कागदावरचा आकडा हेच सगळं नव्हे, हे मात्र खरं. सीट टाकीजवळ किती अरुंद आहे त्यावर पाय सरळ खाली जातात की फाकून जातात हे ठरतं, आणि माणूस बसल्यावर सस्पेन्शन किती खाली बसतं तेही मोजावं लागतं. जुनीवर बसलो की माझे दोन्ही चवडे टेकतात, एका बाजूला सरकलो तर टाचसुद्धा. नवीवर चवडे टेकतात, टाच नाही. सपाट रस्त्यावर हा फरक काहीच नाही. फेरीच्या उतारावर, चिरेखाणीच्या लाल चिखलात, घाटात मागे ट्रक लागलेला असताना मधेच थांबावं लागलं तर हाच फरक सर्वस्व. कसलेले स्वार म्हणतील की उंच गाडी चालवण्याचं एक तंत्र असतं, एकच पाय टेकायचा, नितंब सरकवायचं. असेल. पण तंत्र शिकल्याशिवाय थांबतासुद्धा येत नाही अशी वस्तू सगळ्यांसाठी आहे असं मग म्हणू नये. आमच्या बाया हल्ली धडाक्याने गाड्या चालवतात, डोंगरातल्या वाड्यांवरून शाळेत शिकवायला, हॉस्पिटलात ड्युटीला जातात. खराब रस्त्याची सर्वांत जास्त गरज त्यांना, आणि खराब रस्त्यासाठी केलेली गाडी त्यांच्या पायांना पोचत नाही. त्या आपल्या स्कूटरवर, बारीक चाकं खड्ड्यांत आपटत.

चाकाचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो, कारण या गाडीतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट तिचं पुढचं एकवीस इंची चाक. जुनीलाही तेच, नवीलाही तेच, मागे सतरा इंची. बैलगाडीचं चाक एवढं मोठं का असायचं? कारण मोठं चाक खड्ड्यात पडत नाही, खड्ड्यावरून जातं. लहान चाकाला दगडाची कड भिंतीसारखी समोर येते, मोठ्याला ती चढणीसारखी भेटते. सुताराला हे शतकानुशतकं ठाऊक होतं. त्यात जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनला २०० मिलिमीटरची धाव, मागे १८०. नवीत दोन्हीकडे २००. पोटाखाली जमिनीपासून जुनीत २२० मिलिमीटर मोकळे, नवीत २३०. पावसाळ्यात पाण्याखाली काय आहे ते दिसत नसताना या आकड्यांचा अर्थ कळतो. मोठ्या चाकाची किंमतही आहे. गाडी वळायला आळशी होते, घाटात छोट्या वळणांवर खांद्याने ढकलावी लागते. मला तो आळशीपणा आवडतो. खडीवर उतावळी गाडी नको.

इंजिनाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. जुनीचं ४११ सीसीचं इंजिन हवा नि तेलावर थंड होणारं, साडेचोवीस अश्वशक्तीचं. आजच्या हिशेबात ही ताकद हसण्यासारखी. पण त्यात सिलिंडरचा व्यास ७८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८६. धाव व्यासापेक्षा जास्त, म्हणजे जुन्या बुलेटच्या घराण्याचं वळण. असं इंजिन फार पळत नाही, पण हळू फिरतानाच जोर देतं. ३२ न्यूटन मीटरचा सगळा जोर चार ते साडेचार हजार फेऱ्यांतच हाती येतो. चोर्ल्याच्या वळणावर पुढे भाजीचा ट्रक, मागे बस, आपण दुसऱ्या गिअरमध्ये, वेग पंधरा-वीस. जुनी इथे कुरकुरत नाही, चालत राहते. नवीचं ४५२ सीसीचं इंजिन पाण्याने थंड होतं, चाळीस अश्वशक्तीचं, व्यास ८४ आणि धाव साडेएक्याऐंशी. स्वभावच उलटा. ४० न्यूटन मीटरचा पुरा जोर साडेपाच हजार फेऱ्यांना आणि पुरी ताकद आठ हजारांना. तिला जागं ठेवावं लागतं, हात क्लचवर आणि पाय गिअरवर.

मात्र घाट संपला आणि मोकळा रस्ता लागला की मीच माझ्याशी वाद घालू लागलो. जुनी ताशी नव्वदच्या पुढे मनापासून जात नाही, पाच गिअर संपले की संपले. नवीला सहावा गिअर आहे, ब्रेक जास्त विश्वासाचे आहेत (पुढची डिस्क ३०० ऐवजी ३२० मिलिमीटरची), आणि पुढचं शोवा सस्पेन्शन तर लोण्यासारखं. राष्ट्रीय महामार्ग ६६ आता इतका रुंद झाला आहे की त्यावर हळू चालणं हेच साहस. मागून येणारा कंटेनर तुमच्या लाँग स्ट्रोक इंजिनाचं कौतुक करायला थांबत नाही. हे मान्य करायला हवं, आणि मी करतो. दुसऱ्या गिअरच्या वर नवी प्रत्येक बाबतीत सरस आहे. माझं आयुष्य पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातं, त्याला तिचा इलाज नाही.

वजनाबद्दल मात्र दोघींनाही सोडणार नाही. नवी १९६ किलो. जुनी २०१६ मध्ये १८२ किलोची होती, नियम बदलत गेले, भाग वाढत गेले आणि शेवटी ती १९९ वर पोचली. आता गंमत ऐका. होंडाची २०२३ ची ट्रान्सअल्प, ७५५ सीसीची, ताकदीला आपल्या नवीच्या दुपटीहून जास्त, तिचं वजन २०८ किलो. अर्थात तिच्या किमतीत आपल्या तीन येतात, हलकं करायला पैसा लागतो. पण मग 'मिडलवेट' या शब्दाचा अर्थ काय? युरोपात सहाशे-साडेसहाशे ते नऊशे सीसीच्या गाडीला मधली म्हणतात. आपल्याकडे चारशे-साडेचारशेला मधली म्हणायची पद्धत पडली आहे. इंजिन आपलं मधलं, वजन मात्र त्यांचं मधलं! हीरोची एक्सपल्स २०० जेव्हा २०१९ मध्ये आली तेव्हा १५४ किलोची होती. चिखलात आडवी झालेली गाडी एकट्याने उभी करून बघा, मग या चाळीस-पंचेचाळीस किलोंचा हिशेब पाठीला कळेल.

मग येतो दुरुस्तीचा प्रश्न. जुनी समजून घेता येते. व्हॉल्व्हची फट पान्याने आणि स्क्रूने जुळवता येते, रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. आमच्या गावातल्या मेकॅनिकने नवीकडे दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "हाका लॅपटॉप जाय, बाब." मी मनातल्या मनात 'बघा' म्हटलं, पण मग आठवलं की जुनीतसुद्धा २०१७ पासून कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलेलं आहे, आणि त्याबद्दल हाच मेकॅनिक कधी तक्रार करत नाही. शिकला. हेही शिकेल. तेव्हा 'जुन्या गाड्या बऱ्या होत्या' हे रडगाणं मी इथेच थांबवतो. नवीच्या गोल पडद्यावर गुगलचा नकाशा दिसतो, त्याला मी नावं ठेवणार होतो, पण पणजीत नवीन वन-वे कुठून सुरू होतो हे मला अजून कळत नाही, त्यामुळे गप्प बसतो.

पंक्चरवर मात्र गप्प बसणार नाही. तारांची चाकं आपटी सोसतात म्हणून अशा गाड्यांना देतात, ते योग्यच. पण साध्या चाकात प्रत्येक तारेसाठी रिमला भोक, म्हणून आत ट्यूब, आणि ट्यूब म्हटली की पंक्चरला चाक काढणं आलं. तारा रिमच्या कडेला बसवल्या तर भोकं टायरच्या आत येत नाहीत आणि ट्यूबही लागत नाही. ही युक्ती बीएमडब्ल्यूने १९८७ च्या आर १०० जीएसमध्येच वापरली होती. आपल्या नव्या हिमालयनला ट्यूबशिवायच्या तारांच्या चाकांचा पर्याय भारतात आला २०२४ मध्ये. दूर जाण्यासाठी केलेल्या गाडीत कंपास २०१६ ला मिळाला आणि पंक्चरची सोय आठ वर्षांनी. दिशा कळून उपयोग काय, चाकात हवा नसेल तर?

मागच्या एबीएसचं बटण ही उलट अगदी विचारपूर्वक दिलेली गोष्ट. खडीच्या उतारावर एबीएस ब्रेक सोडत राहतो आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. म्हणून मागच्या चाकापुरता तो बंद करता येतो. जुनीत हे २०२० पासून आलं, नवीत आहेच. मावसभावाच्या २०१८ च्या गाडीत नाही. त्याने मला हे सांगितलं नव्हतं!

मागे बसणाऱ्याचा विचार या वर्गातल्या गाड्यांत पाहुण्यासारखा होतो. सौभाग्यवतींना नवीवर चढवायला मी त्या सहकाऱ्याच्या अंगणातला चिऱ्याचा कट्टा वापरला. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागच्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक झाकलेलं हवं. त्यातून साडीगार्ड आलं. कारकून माणूस असल्यामुळे नियम क्रमांकासह पाठ आहे. अ‍ॅडव्हेंचरवाले गाडी घरी आली की पहिला पाना साडीगार्डलाच लावतात, शोभत नाही म्हणून. लडाखच्या फोटोत नसेल शोभत. आमच्या घरात शोभतं.

आणि आता पैशाचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकीवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. पूर्वी वरच्यांवर सेस धरून ३१ होता. म्हणजे ४५० सीसीची ही गाडी सरकारदरबारी चैनीची वस्तू, किंमत कधीच तीन लाखांवर गेलेली. मी सरकारी नोकर, कराविरुद्ध बोलणं मला शोभत नाही. पण एवढं विचारावंसं वाटतं की माझ्यासारखा माणूस दोनशे मिलिमीटरचं सस्पेन्शन कशासाठी शोधतो आहे? डाकारसाठी नव्हे. गेल्या पावसात उखडलेल्या आणि या पावसात वाहून गेलेल्या डांबरासाठी. जो रस्ता करातून नीट व्हायचा, तो नीट नाही म्हणून मी गाडी घेणार, आणि त्या गाडीवर पुन्हा कर भरणार. शिवाय या गाडीचा एक तोटा कुणी सांगत नाही: तिच्यावर बसलं की खड्डे जाणवत नाहीत, आणि जाणवले नाहीत की अर्ज करावासा वाटत नाही. मावसभावाने २०१८ पासून एकही केलेला नाही. आमच्या वाड्यावरचे अर्ज सगळे स्कूटरवाल्यांचे.

आमच्या पायलटांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं. पिवळ्या मडगार्डाच्या गाडीवर परका माणूस मागे, त्याची बॅग पुढे, अशी त्यांनी वर्षानुवर्षं गोव्याची चढ-उताराची वाहतूक केली, आणि निवडल्या त्या हलक्या, बुटक्या, कुठेही दुरुस्त होणाऱ्या गाड्या. उद्या कुणी मधल्या वजनाची नवी अ‍ॅडव्हेंचर गाडी काढणार असेल तर तिच्या आराखड्यासाठी त्याने मनालीच्या स्वारांबरोबर म्हापशाच्या स्टँडवरच्या दोन पायलटांनाही बोलवावं. ते पहिला प्रश्न सीटचाच काढतील, आणि दुसरा वजनाचा.

मावसभावाला मी अजून होय म्हटलेलं नाही. चतुर्थीनंतर सांगतो म्हटलंय. एबीएसच्या बटणावरून किंमत थोडी खाली आणायची आहे, त्याला ते कळलंय, आणि तोही आता आणखी दोघं विचारून गेल्याचं सांगतो. घरातून परवानगी आहे, एका अटीवर, की फेरीवर गाडी ढकलत चढवायची, बसून नाही. काल फोनवर तो म्हणाला, "विकायच्या आधी धुऊन-पुसून देतो, रॅकही काढून ठेवतो, दिसायला बरी दिसेल." मी म्हटलं, धू हवी तर, पण रॅकना हात लावू नकोस.